माया

करुणा हेडाऊ पहिल्यांदा आली तेव्हा छाती बेचाळीस.
माझ्या वहीत आहे अजून, निळ्या पेनानं,
आणि तिनंच ते खोडून शेजारी लिहिलेलं: चाळीस.
म्हटलं, वो माय, वहीत खोडून कुठं कमी होते का बाई?
हसली.

गोळीबार चौकात माझं दुकान, सहा बाय आठ,
एक मशीन, एक कूलर,
ज्याची खस मी दर वर्षी बदलीन बदलीन म्हणते.
टेप लावला की इथं प्रत्येकीचं पोट आत जातं,
जशी काही मी माप नाही, झडती घेते.

चैत्रात ती अडतीसवर आली.
काय केलं म्हटलं, तर पर्समधून डबी काढली.
हिरवी. वर पान, पानावर दवाचा थेंब.
शंभर टक्के वनस्पती. अपाय नाही.
सदरच्या एका मावशीकडे मिळते, तिनावर चौथी फुकट.
"भूकच नाही लागत ताई. झोप बी नाही.
अन् काम कसं फटाफट होऊन राह्यलं!"
मी दोन्ही बगलांना टीप मारून दिली, साठ रुपये.
पंधरा दिवसांनी पुन्हा साठ.

एक पुडी मीही मागून घेतली. खोटं कशाला बोलू.
लग्नसराई होती.
गरम पाण्यात मातकट, कडू, मागून जिभेला मुंग्या.
रात्री तीनला चौथा ब्लाउज हातावेगळा,
वाटलं, ही तरतरी वीस वर्षं कुठं मेली होती?
पहाटे सुई बोटातून आरपार गेली
आणि दुखायच्या आधी कानात मशीन ऐकू आलं, धडधड धडधड.
मशीन बंद होतं.

उरलेलं मोरीत ओतलं.
तिला सांगितलं नाही.
साठ रुपये.

मे महिना. छेचाळीस.
साखरपुड्याचं कापड घेऊन ती आली, ओठ पांढरे,
हातातल्या बाटलीत पाणी हलत होतं,
बाटली टेबलावर ठेवल्यावरच थांबलं.
छातीवर टेप धरला.
छत्तीसच्या आकड्यावर, माझ्या दोन बोटांखाली,
कोणीतरी आतून कडी वाजवत होतं,
घर पेटल्यावर वाजवतात तशी.
"पोरी, हे काय?"
"ऊन आहे ना ताई."
ती स्टुलावरून घसरली तेव्हा आकडा लिहायचा राहिला होता.

मेडिकलमधली डॉक्टर पोरगीच, डोळ्यांत दोन रात्रींची झोप,
डबी उलटीसुलटी करत राहिली. काय आहे यात?
आई म्हणाली, औषध नाही जी, झाडपाला आहे.
"काकू, बिब्बा कुठं लागतो?
धोतरा कुठं लागतो?"
आई पंख्याकडे बघत होती.
डबीवर पान होतं,
कोणत्या झाडाचं, ते नव्हतं.

नवरात्रात आली. सकाळ-संध्याकाळ एक गोळी,
जिना चढताना मधे थांबते म्हणाली.
साखरपुड्याचं मी विचारलं नाही.
पिशवीतून मोरपंखी ब्लाउज काढला, चैत्रातला.
"उसवून द्याल? होत नाही आता."

उसवला. आत माया होती.
शिवणीआड सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो.
बाई कितीही वाळली तरी ती कापायची नसते,
माझ्या आईनं हे मला थापड मारून शिकवलं.
आतलं कापड अजून पहिल्या रंगाचं,
मधून जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग.
"इस्त्रीनं जातील?"
"काही जातील."

टेप लावला. सवयीनं तिनं पोट आत ओढलं.
तेवढ्यात दारात स्कूटी थांबली,
मावशी, डिक्कीत नवीन डब्या, आता केशरी, वर संत्र्याचं चित्र.
"ताई, दहा-बारा ठेवून घ्या दुकानात, कमिशन देतो."
"थांबा," मी म्हटलं, "माप चालू आहे."
आणि टेप सैल धरून उभी राहिले.
घाई नव्हती.
श्वास किती वेळ धरणार बाई,

सुटला.
एकेचाळीस.
लिहून वही मिटली, पेन माझ्याच केसात खोचला.
मावशी अजून दारात होती.